बिनबिल्ल्याची फियाट: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया वाचून आधी चिडलो, हे कबूल करतो. मग पुन्हा वाचली आणि लक्षात आलं की तिच्यातला एक मुद्दा बिनतोड आहे. उत्तर लिहायला घेतलं ते लांबत गेलं, म्हणून इथे वेगळंच टाकतोय.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माझी भाची इटलीत तुरीनला शिकते. तिच्या घरमालकिणीच्या माहेरी, एका बंद पडलेल्या सुतारकामाच्या शेडमध्ये, फियाट ११०० च्या चेसिसवर बांधलेली दोन दारांची एक कूपे उभी आहे. लाल रंग, पुढे उभी जाळी, बिल्ला कुठेच नाही. बॉडी कुणी बांधली हे घरात कुणालाच माहीत नाही. भाचीने फोटो पाठवले आणि मी त्यावर लेख लिहिला. काम तुरीनचं, साल १९४८ च्या आगेमागे, बॉडी बांधणारा कारखाना सांगता येत नाही, असा माझा निष्कर्ष होता.

त्यावर तुम्ही लिहिलंत: "ही उघडउघड पिनिन फरिना आहे. चिसितालिया २०२ शेजारी ठेवून बघा. पुढच्या मडगार्डवर बिल्ल्याची भोकंसुद्धा दिसताहेत. एवढं पुराण लावून शेवटी 'सांगता येत नाही' म्हणायचं, याला काय अर्थ? आणि पुण्यात बसून फोटोंवरून निवाडे कसले देता?"

(पिनिन फरिना म्हणजे तुरीनचा बॉडी बांधणारा नामांकित कारखाना. चिसितालिया २०२ ही त्याने घडवलेली गाडी, तिच्याबद्दल पुढे.) आधी तुमचा बिनतोड मुद्दा. मी लिहिलं होतं, "बिल्ला नाही, म्हणजे पिनिन फरिनाची नसावी." हे चुकलंच. ७०-७५ वर्षांत बिल्ले पडतात, चोरीला जातात, रंगकाम करताना काढले की डब्यात राहून जातात. बिल्ला नसण्यावरून काहीच ठरत नाही. ते वाक्य मी लेखातून काढलंय आणि तिथे तशी नोंदही ठेवलीय.

पण हाच न्याय उलट्या बाजूनेही लावायला हवा. भोकं आहेत म्हणून बिल्ला पिनिन फरिनाचाच होता, हे कुठून आलं? तुमची प्रतिक्रिया आल्यावर भाचीला पुन्हा पिटाळलं आणि त्या भोकांचे अगदी जवळून फोटो मागवले. उजव्या मडगार्डवरचं पुढचं भोक मोबाइलच्या टॉर्चमध्ये छान दिसतं. कडेला रंगाचे तीन थर आहेत: तळाशी बाटलीहिरवा, मध्ये करडा प्रायमर, वर लाल. ड्रिलने तिन्ही थर स्वच्छ कापलेत आणि आतल्या कडेवर रंगाचा थेंबही उतरलेला नाही. म्हणजे गाडी लाल झाल्यानंतर ही भोकं पाडली. गाडी मुळात हिरवी होती. तेव्हा हा बिल्ला, कुणाचाही असो, कारखान्यातून लागून आलेला नव्हता. नंतर कुणीतरी हौसेने लावला आणि पुढे कुणीतरी काढला. जुन्या गाडीवर मोठ्या नावाचा बिल्ला ठोकला की भाव वाढतो, हे इटलीतल्या लोकांना कुणी शिकवायला नको.

आता चिसितालिया. पिएरो दुझिओच्या कंपनीची ही २०२ पिनिन फरिनाने १९४७ साली घडवली आणि १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ती प्रदर्शनात मांडली. तुम्ही तिचं नाव घेतलंत ते बरंच झालं, कारण माझं म्हणणं हीच गाडी सिद्ध करते. २०२ च्या एकूण गाड्या सुमारे १७० निघाल्या आणि त्या सगळ्या काही पिनिन फरिनाच्या छताखाली बनल्या नाहीत. काहींच्या बॉडी विन्याले या कारखान्याने बांधल्या, काहींच्या स्ताबिलिमेंती फरिना या दुसऱ्या कारखान्याने. मुळातल्या आराखड्यात जोव्हानी साव्होनुत्सी या इंजिनिअरचा हात होता. मग "चिसितालियासारखी दिसते" यावरून कारखाना कोणता ठरवायचा?

हे 'फरिना' प्रकरण जरा सोडवून सांगतो, कारण प्रतिक्रियांमध्ये बऱ्याच जणांचा घोळ झालाय. जोव्हानी फरिना थोरला. त्याचा कारखाना म्हणजे स्ताबिलिमेंती फरिना, १९०६ पासूनचा. बत्तिस्ता धाकटा. त्याला घरात 'पिनिन' म्हणायचे. तुरीनकडच्या पिएमोंते बोलीतलं हे लाडाचं नाव, आपल्याकडच्या 'बाळू'सारखं. बाळूने भावाकडे काम शिकून १९३० साली वेगळी चूल मांडली, ती पिनिन फरिना. दोन्ही शब्द जोडून 'पिनिनफरिना' हे आडनाव आणि कंपनीचं नाव १९६१ साली अधिकृत झालं. थोरल्याचा कारखाना १९५३ मध्ये बंद पडला. आल्फ्रेदो विन्यालेही त्याच कारखान्यात काम करून बाहेर पडला. जोव्हानी मिकेलोत्ती पोरवयात तिथेच ड्रॉइंग बोर्डावर बसला, आणि पुढे स्वतंत्र होऊन विन्याले, अलेमानो अशा अनेक कारखान्यांसाठी गाड्यांची रेखाटनं काढत राहिला. एकाच तालमीतले पैलवान हे. डाव ओळखता येतो, पण तो मारणारा कोण, हे पाठमोऱ्या फोटोवरून कसं सांगणार? शिवाय मिकेलोत्ती एकच माणूस असून चार कारखान्यांना रेघा पुरवत होता. तेव्हा रेघेवरून फार तर रेघ काढणाऱ्यापर्यंत पोचता येतं. पत्रा कुणी ठोकला ते राहतंच.

आणि खरं सांगायचं तर ही गाडी चिसितालियासारखी तितकीशी नाहीच. त्या गाडीचं नाव ज्या गोष्टींनी झालं त्यातली एक म्हणजे तिचं बॉनेट दोन्ही मडगार्डांच्या खाली बसतं. आपल्या गाडीचं बॉनेट मडगार्डांच्या चांगलं वर आहे. इंजिन दोघींचंही मुळात फियाट ११०० चंच, १०८९ सीसी. (कुर्ल्याला बनलेल्या पद्मिनीचंही इंजिन १०८९ सीसीचंच, त्याच खानदानातलं.) पण चिसितालियाचा सांगाडा खास तिच्यासाठी नळ्यांचा केलेला होता. इथे खाली फियाटची साधी, बाजारी चेसिस आहे, त्यामुळे इंजिन उंचावर बसलंय. हा काही पिनिन फरिनाच्या विरुद्धचा पुरावा नाही. फक्त शेजारी ठेवून बघा म्हणालात, म्हणून ठेवून बघितलं.

मागचे दिवे हुबेहूब आहेत म्हणालात, त्यावर एवढंच: दिवे, डॅशबोर्डवरची काट्यांची घड्याळं, चाकं हे कारखानदार बाहेरून विकत आणत. दिवे कारेल्लोचे, घड्याळं वेल्याची, तारांची चाकं बोरानीची, असा तो बाजार होता. आपल्याकडे ट्रकची बॉडी बांधणाऱ्या कुठल्याही अड्ड्यावर जा, आरसे आणि दिवे सगळ्यांचे एकाच दुकानातले निघतील.

मग बघायचं कशात? आत, जिथे पॉलिश पोचत नाही तिथे. भाचीने दाराच्या आतलं अस्तर सोडवलं (मालकिणीच्या भावाने चार स्क्रू काढून दिले आणि दोन मोडले) तेव्हा आत लाकूड नव्हतं. जुन्या पद्धतीत लाकडाचा सांगाडा करून त्यावर पत्रा खिळ्यांनी मारत. ते बाद झालं. मग तिने खिशातून फ्रिजवरचं मॅग्नेट काढलं. दारांना, मडगार्डांना, छपराला ते चिकटलं. बॉनेटला आणि डिक्कीच्या झाकणाला नाही. म्हणजे अंग पोलादाचं आणि झाकणं ॲल्युमिनियमची. मिलानच्या टूरिंग या बॉडी-कारखान्याने १९३६ साली पेटंट घेतलेली सुपरलेजेरा पद्धत म्हणजे बारीक पोलादी नळ्यांच्या जाळ्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा. इथे तसलं काही नाही, तेव्हा टूरिंगही बाद. एक-दोघांनी टूरिंगचं नाव सुचवलं होतं, त्यांच्यासाठी हे.

तुम्ही असंही लिहिलंत की डावं दार उजव्यापेक्षा लांब दिसतं, म्हणजे काम कुण्या गावठी कारागिराचं. आणि दोन वाक्यांनंतर तीच गाडी पिनिन फरिनाची. एक काहीतरी ठरवा. टेपने मोजलं तर डावं दार खरंच ११ मिलिमीटर लांब आहे. पण यात गावठी काही नाही. डाव्या अंगाला एक बात्तिलास्त्रा, म्हणजे आपला डेंटर, लाकडाच्या ओंडक्यावर नाहीतर वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून ठोकायचा, उजव्या अंगाला दुसरा. माप लाकडी साच्यावर लावून बघायचं आणि उरलंसुरलं अंतर कथील-शिशाने भरून कानशीने घासायचं. नामांकित कारखान्यांच्या गाड्यांमध्येही दोन बाजू जुळत नाहीत. म्हणूनच तर एका गाडीचं दार दुसरीला बसायचं नाही, आणि कुठलं झाकण कुठल्या गाडीचं हे कळावं म्हणून प्रत्येक तुकड्यावर आतून आकडा टाकत. आपल्या गाडीत बॉनेटच्या बिजागरीवर छिन्नीने ३७ कोरलाय, आणि दाराच्या अस्तरामागच्या प्लायवर निळ्या पेन्सिलीने तोच ३७ आहे. त्यातल्या ७ च्या पोटात आडवी रेघ आहे, तिकडे काढतात तशी. कोणीतरी कानामागची पेन्सिल काढून तो घाईत लिहिला असावा. मला सगळ्या फोटोंत हा सर्वांत आवडला. यावरून एवढं कळतं की झाकणं आणि दारं मूळचीच आहेत. ३७ हा कुणाचा सदतिसावा, हे मात्र त्या कारखान्याच्या वहीशिवाय कळणार नाही, आणि बंद पडलेल्या कारखान्यांच्या वह्या सांभाळायला कोण बसलंय?

'१९४८ च्या आगेमागे' या माझ्या अंदाजाबद्दल तुम्ही घेतलेली शंका रास्त होती, तेही सांगतो. गियरचा दांडा फ्लोअरवर आहे. फियाटने १९४९ च्या ११०० ई मध्ये तो स्टिअरिंगच्या खांबावर नेला. पद्मिनी चालवलेल्यांना तो ओळखीचा आहेच. म्हणून मी चेसिस त्याआधीची धरली. पण चेसिस जुनी म्हणून बॉडीही तेव्हाचीच असेल असं नाही. जुन्या चेसिसवर नवी बॉडी चढवण्याची पद्धत होतीच. तेव्हा "१९४८ च्या आगेमागे" हे चेसिसपुरतं खरं, बॉडी दोन-चार वर्षं मागून आलेली असू शकते. लेखात तसा बदल करतो.

राहिला पुण्याचा मुद्दा. मी पुण्यातच बसलोय, पण मॅग्नेट तुरीनमध्ये फिरलंय. नंबरप्लेटवर 'टी-ओ' (तोरिनो, म्हणजे तुरीन) आहे म्हणून मी तुरीनचं काम म्हटलं असा तुमचा समज झाला. तो माझ्या लिहिण्याच्या ढिलाईचा दोष. प्लेटवरून फक्त नोंद कुठल्या प्रांतात झाली ते कळतं. मिलानची बॉडीही तुरीनच्या माणसाने घेतली तर 'टी-ओ' लागणार. माझं अनुमान रेघेवरून होतं, आणि रेघेवरच्या अनुमानाची किंमत काय ते वर मीच सांगितलंय. म्हणून 'काम तुरीनचं' यातला ठामपणा मागे घेतो. प्लेटचा उपयोग वेगळा आहे. इटलीत १९२७ पासून वाहनांची सार्वजनिक नोंदवही आहे आणि प्लेटच्या नंबरावरून गाडीच्या मालकांचा क्रमवार उतारा मागता येतो, आपल्या सातबाऱ्यासारखा. तो अर्ज घरमालकीणबाईंनी केलाय. पहिला मालक कोण हे कळलं तर त्याच्या वारसांकडे एखादं बिल, निदान गाडी नवी असतानाचा एखादा फोटो निघू शकतो.

तोवर तुमची एक मदत हवी आहे. तुम्ही लिहिलंत की तुरीनच्या मोटार संग्रहालयात गेला होतात आणि त्या काळच्या इटालियन कूपेंचे भरपूर फोटो काढलेत. त्यात एखाद्या उघड्या दाराचा, बॉनेटच्या बिजागरीचा किंवा डिक्कीच्या कुलपाचा फोटो असेल, अगदी चुकून आलेला, कोपऱ्यातला, तर पाठवा. समोरून काढलेले सुंदर फोटो नकोत, ते माझ्याकडे ढिगाने आहेत. आपल्या गाडीची बिजागरी तीन भोकांची आहे, मधलं भोक लांबट, आणि एका पानाला हाताने कानस मारून कोपरा उतरवलाय. कागदपत्रं असलेल्या कुठल्याही गाडीत तिची जोडीदार दिसली, आणि ती गाडी पिनिन फरिनाची निघाली, तर लेखाचं शीर्षक बदलून तुमच्या श्रेयासकट टाकेन.