कॅटलॉग शोधायला शिकवा, तेही प्रकल्पाच्या निमित्ताने

महाराष्ट्रातल्या शिक्षक मित्रांशी शाळेच्या ग्रंथालयाचा विषय निघाला की दोन मुद्दे हमखास येतात. हातात मोबाईल असताना कॅटलॉग, म्हणजे ग्रंथालयातल्या पुस्तकांची सूची, कशाला? आणि मुळात पुस्तकंच थोडी, त्यात शोधायचं काय? न्यूझीलंडमध्ये राहून मला दोन्ही पटत नाहीत, दुसरा तर अजिबात नाही. पुस्तकं थोडी असली की आहे ते सापडलंच पाहिजे.

इथल्या एका शाळेत ग्रंथपालबाईंना शिकवताना पाहिलं. एका मुलीने अख्खा प्रश्नच टाइप केला होता : दुष्काळ का पडतो आणि त्यावर उपाय काय? एकही पुस्तक आलं नाही. बाईंनी नुसता 'दुष्काळ' ठेवायला लावला, एक नोंद उघडली आणि खालचे विषयशब्द वाचायला सांगितले. त्यात पाणी-नियोजन होतं, सिंचन होतं. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई वर्गीकरणात हवामानातला दुष्काळ ५५१मध्ये, जलसंपत्ती ३३३मध्ये, तर सिंचन शेतीबरोबर ६३१मध्ये. पुस्तकं तीन कपाटांत विखुरलेली, एकत्र दिसतात ती कॅटलॉगमध्येच. गूगल अख्खा प्रश्न चालवून घेतं, त्यामुळे शब्द बदलून पाहायची सवयच मुलांना लागत नाही.

आपल्याकडे तर ही सवय जास्तच हवी. 'कुसुमाग्रज' शोधलं तर कविता मिळतील, नाटकं मात्र वि. वा. शिरवाडकर या नावावर. दोन्ही नावं कॅटलॉगमध्ये जोडलेली नसली तर मुलाच्या हाती अर्धाच लेखक लागतो. शीर्षक रोमन लिपीत नोंदवलेलं असेल तर देवनागरीत शोधून काही उपयोग नाही. मुलांना हे सांगायला हवं, आणि नोंदीही सुधारायला हव्यात.

पैशांची अडचण खरी आहे, पण ती ग्रंथपालाच्या पगाराची, सॉफ्टवेअरची नव्हे. २००० साली इथल्याच एका ग्रंथालयात सुरू झालेली 'कोहा' ही ग्रंथालयाची संगणक-प्रणाली मोफत आहे आणि भारतातली कितीतरी महाविद्यालयं ती वापरतात. संगणकच नसेल तर ग्रंथालयात आलेल्या पुस्तकांची दाखल नोंदवही समोर ठेवून मुलांनाच विषयवार कार्डं लिहू द्या. एका पुस्तकाला कोणते विषयशब्द द्यायचे यावर मुलं भांडली, तर त्यातूनही शोधायचं कसं ते कळेल.

फक्त त्यासाठी वेगळा तास मागू नका, त्याचा ऑफ तास व्हायला वेळ लागत नाही. आठवी-नववीच्या भूगोलाच्या प्रकल्पातच ग्रंथपालांना सोबत घ्या. कोणते शब्द टाकून पाहिले आणि त्यातले कोणते फसले, हे मुलांना प्रकल्पाच्या वहीत लिहायला लावा. आणि त्याला गुण ठेवा.