पाडणे म्हणजे हरित बांधकाम नव्हे: एका बहुप्रसारित दाव्याचा प्रतिवाद

लहान शहरांतील आणि गावांतील जुन्या घरांविषयीचा एक मजकूर बरेच दिवस या हातातून त्या हातात पुढे पाठवला जात आहे. त्याचे सार असे आहे: दगड, विटा, माती आणि चुन्याची जुनी घरे ऊर्जेची नासाडी करतात, त्यांची डागडुजी म्हणजे निव्वळ भावनेपोटी केलेला खर्च, पर्यावरणाची खरी काळजी असणाऱ्याने ती पाडावीत आणि त्या जागी हरित मानांकन मिळालेली नवी इमारत उभी करावी. लिहिणाऱ्याच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु या सल्ल्यावर विसंबून लोक चांगली, धडधाकट घरे पाडायला निघाले आहेत, म्हणून त्यातील विधाने एकेक करून तपासणे मला आवश्यक वाटते. त्यांतले एक विधान खरे आहे आणि ते सर्वांत गंभीर आहे; त्याचा विचार शेवटी केला आहे.

पहिले विधान: ‘नवी इमारत इतकी वीज वाचवते की बांधकामातून झालेले उत्सर्जन दोन-चार वर्षांत भरून निघते.’ येथे बांधकामाचे उत्सर्जन किरकोळ धरले आहे, आणि तेच चुकते. सिमेंटचा मुख्य घटक असलेले क्लिंकर तयार करण्यासाठी भट्टीचे तापमान सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावे लागते, आणि त्या वाटेत चुनखडीचे विघटन होते. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो चुना हाती येतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हा वायू इंधनाचा नसून दगडाच्या पोटातलाच असल्यामुळे उद्या भट्टी पूर्णपणे सौर ऊर्जेवर चालवली तरी तो सुटणारच आहे. क्लिंकरच्या एकूण उत्सर्जनात त्याचा वाटा साधारण ६० टक्के असतो, आणि जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनापैकी सुमारे ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटचे आहे. त्यात सळई मिळवा: झोतभट्टीतून निघणाऱ्या एक टन पोलादामागे साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड पडतो.

हे सगळे उत्सर्जन नव्या घरात पहिला दिवा लागण्यापूर्वीच होऊन गेलेले असते, तर बचत पुढे वर्षानुवर्षे थोडी थोडी जमत जाते. अमेरिकेतील नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन या संस्थेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की सरासरी जुन्या इमारतीपेक्षा ३० टक्के कमी ऊर्जा वापरणारी नवी इमारत बांधली, तर तिच्या बांधकामाचा हवामानावरील परिणाम भरून निघायला इमारतीच्या प्रकारानुसार आणि ठिकाणानुसार १० ते ८० वर्षे लागतात. हे आकडे अमेरिकी शहरांचे आहेत आणि ते जसेच्या तसे सगळीकडे लावू नयेत, हे मान्य आहे. मात्र त्यामागचे गणित सगळीकडे तेच राहते: जुन्या घरात ऊर्जेचा वापर जितका कमी, तितकी वाचवण्याजोगी ऊर्जा कमी आणि बांधकामाची भरपाई तितकी लांब. लहान गावातले जे घर पंख्यांवर आणि उघड्या खिडक्यांवर चालते, ते पाडून तितक्याच माणसांसाठी मोठे, काचेचे आणि वातानुकूलित घर बांधले, तर भरपाई होण्याऐवजी वापरच वाढण्याची शक्यता अधिक. शिवाय वेळेचा प्रश्न आहे. तापमानवाढ १.५ अंशांवर रोखायची तर २०३० पर्यंत जगाचे कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन २०१० च्या तुलनेत सुमारे ४५ टक्क्यांनी कमी व्हायला हवे, असे हवामान बदलावरील आंतरसरकारी मंडळाने २०१८ मध्ये सांगितले. ज्या वर्षांत उत्सर्जन उतरायला हवे, त्याच वर्षांत बांधकामाचा सगळा भार हवेत सोडायचा आणि बचतीची वाट २०५० नंतरही पाहत राहायची, हा सौदा पर्यावरणाच्या बाजूचा नाही.

दुसरे विधान: ‘जुनी घरे उन्हाळ्यात राहण्यायोग्य राहिलेली नाहीत.’ काही घरांविषयी ही तक्रार खरी आहे, पण दोष बहुधा भिंतीचा नसतो. दगडाची किंवा मातीची जाड भिंत दिवसाची उष्णता शोषून घेते आणि ती आत पोहोचायला कित्येक तास लागतात. रात्री खिडक्या उघडून वारा खेळू दिला की ती उष्णता बाहेर काढता येते. दमट हवेत, जिथे दिवस-रात्रीच्या तापमानात फारसा फरक पडत नाही, तिथे हा लाभ कमी मिळतो आणि वाऱ्याच्या वाटेला अधिक महत्त्व येते. उन्हाचा खरा मारा छपरावर असतो, कारण दिवसाच्या सर्वाधिक तापलेल्या वेळी सूर्य थेट त्याच्यावर असतो. बऱ्याच जुन्या घरांत मधल्या काळात कौले काढून पत्रे बसवलेले असतात, पोटमाळ्याचे झरोके बुजवलेले असतात, आणि मग घर तापते म्हणून दोष जुन्या बांधणीला दिला जातो. झरोके मोकळे करणे, पत्र्याखाली उष्णतारोधक थर घालणे, गच्चीला पांढरा लेप देणे, खिडकीवर आतल्या पडद्याऐवजी बाहेरून सावली करणे (काचेतून ऊन एकदा आत आले की पडदा ते परत घालवू शकत नाही): ही कामे आधी करावीत, यंत्रांचा विचार त्यानंतर. छप्पर भार पेलण्याइतके मजबूत असेल तर सौर पॅनेल जुन्या घरावरही बसतात, त्यांसाठी घर पाडावे लागत नाही.

तिसरे विधान मला सर्वांत घातक वाटते, कारण त्यावर विसंबून लोक दुरुस्तीच्या नावाखाली घर बिघडवतात आणि मग ते पाडतात. ‘जुन्या भिंतींची ओल कधी जात नाही, सिमेंटचा गिलावा करूनही ती परत येते, म्हणजे भिंतच निकामी आहे.’ ओल परत येते हे निरीक्षण अचूक आहे, पण त्यातला ‘करूनही’ हा शब्द चुकीचा आहे. बहुतेक वेळा ती सिमेंटच्या गिलाव्यामुळेच वाढते. जमिनीतले पाणी वीट, दगड आणि त्यांच्या सांध्यांमधल्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते आणि सोबत विरघळलेले क्षार आणते. चुन्याचा किंवा मातीचा गिलावा सच्छिद्र असल्यामुळे ते पाणी भिंतीच्या पायथ्याशीच उडून जाते. सिमेंटचा घट्ट थर ही वाट बुजवतो. मग पाणी बाहेर पडायला जागा शोधत आणखी वर चढते, आणि क्षारांचे स्फटिक गिलाव्याच्या मागे, भिंतीच्या अंगातच तयार होऊ लागतात. अशा भिंतीवर बोटांच्या पेरांनी टकटक केले तर गुडघ्याच्या उंचीला पोकळ आवाज येतो. तिथला पोपडा सोडवला की मागे कापसासारखा पांढरा लोणा दिसतो, आणि त्याखालची वीट नखाने खरवडता येईल इतकी भुसभुशीत झालेली असते. वर सिमेंट हे जुन्या विटेपेक्षा आणि चुन्यापेक्षा कडक असते. भिंत ऋतूंप्रमाणे किंचित हलते, गिलावा हलत नाही, त्याला बारीक तडे जातात, आणि त्या तड्यांतून आत गेलेल्या पावसालाही बाहेर पडता येत नाही.

यावरचा उपाय फारसा खर्चिक नाही, पण त्याला क्रम आणि धीर लागतो. पाणी कुठून येते हे आधी शोधावे: अनेकदा रस्ता आणि अंगण वर्षानुवर्षे भर पडून जोत्याच्या वर आलेले असते, पन्हळ फुटलेली असते आणि पागोळ्या थेट भिंतीच्या पायाशी पडत असतात, किंवा घराभोवती सिमेंटची फरसबंदी करून जमिनीतल्या ओलीचा बाहेरचा मार्ग बंद केलेला असतो. ते दुरुस्त झाल्यावर सिमेंटचा गिलावा हलक्या हाताने काढावा आणि भिंत सुकू द्यावी. जाड भिंतीला त्यासाठी कित्येक महिने, कधी वर्षही लागते. घाईने केलेले काम इथेच फसते. सुकलेल्या भिंतीवर चुन्याचा गिलावा करावा. तो खालच्या भागात काही वर्षांनी झडेल, कारण क्षार स्वतःकडे ओढून घेऊन भिंतीला वाचवणे हेच त्याचे काम आहे. तेवढाच पट्टा पुन्हा करावा लागतो. चुना निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. तोही चुनखडीच भाजून होतो आणि त्याच्या भट्टीलाही इंधन लागते. मात्र ती भट्टी ९०० अंशांच्या आसपास चालते, आणि विरवलेला चुना भिंतीवर घट्ट होताना दगडातून सुटलेल्या वायूचा बराचसा भाग हवेतून परत घेतो. काँक्रीटही तो काही प्रमाणात परत घेते, पण फार सावकाश.

चौथे विधान हरित मानांकनाच्या आधारावर उभे आहे: मानांकन मिळाले म्हणजे इमारत पर्यावरणपूरक, आणि जुन्या घराला ते मिळू शकत नाही. ब्रिटनमध्ये १९९० मध्ये सुरू झालेल्या ब्रीअॅम पद्धतीत नूतनीकरणासाठी स्वतंत्र मानके आहेत, अमेरिकी लीड पद्धतीत अस्तित्वात असलेल्या इमारतीचा पुनर्वापर केल्याबद्दल गुण मिळतात, आणि अत्यंत कमी ऊर्जेवर चालणाऱ्या घरांचे निकष ठरवणाऱ्या जर्मनीतील पॅसिव्ह हाउस संस्थेने जुन्या इमारतींसाठी एनरफिट नावाचा वेगळा निकष ठेवला आहे. म्हणजे ज्या मानांकनांचा हवाला देऊन घरे पाडायला सांगितले जाते, ती मानांकनेच दुरुस्तीला मान देतात. याशिवाय मानांकनातील बरेचसे गुण आराखड्यावर आणि अंदाजित वापरावर ठरतात. प्रत्यक्ष वापर त्याहून जास्त निघाल्याची उदाहरणे या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहेत. दोन इमारतींची तुलना करायचीच असेल तर दोन्हींची सलग दोन वर्षांची वीजबिले दर चौरस मीटरप्रमाणे आणि दर माणशी मांडून पाहावीत.

‘पाडलेल्या घराचा राडारोडा पुन्हा वापरला जातो, त्यामुळे काही वाया जात नाही’ या विधानाला थोडक्यात उत्तर पुरेल. काँक्रीट दळून त्याची खडी होते आणि ती रस्त्याखाली भरायला उपयोगी पडते, हे चांगलेच आहे; पण त्या खडीतून क्लिंकर परत मिळत नाही, आणि उत्सर्जन तर क्लिंकरचेच होते. युरोपीय संघात एकूण कचऱ्यापैकी एक तृतीयांशाहून अधिक कचरा बांधकाम आणि पाडकामाचा असतो.

‘दुरुस्ती ही महानगरांतील श्रीमंतांची हौस आहे, लहान ठिकाणी ती जमणार नाही’, असेही त्या मजकुरात म्हटले आहे. फ्रान्समधील बोर्दो शहरातील ग्रां पार्क वसाहतीचे उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. तिथल्या सामाजिक गृहनिर्माणाच्या तीन इमारतींमधील ५३० घरे पाडण्याऐवजी लाकातों आणि वासाल या वास्तुविशारदांनी सहकाऱ्यांसह त्यांना बाहेरून काचेने बंद करता येणारे प्रशस्त सज्जे जोडले. त्यामुळे उजेड आणि जागा वाढली, ऊर्जेची गरज घटली, आणि काम चालू असताना रहिवाशांना घरे सोडावी लागली नाहीत. हे लोक श्रीमंत नव्हते. या वास्तुविशारदांना २०२१ मध्ये प्रित्झकर पारितोषिक मिळाले. मातीच्या बांधकामाबाबत मालीमधील जेन्ने येथील मोठी मशीद पाहावी: आजची वास्तू १९०७ ची आहे आणि गावातले लोक दरवर्षी एकत्र येऊन तिला मातीचा लेप देतात. देखभाल लागते, हे खरे. पण ती देखभाल गावच्या माणसांना येते आणि तिचे साहित्य जवळच मिळते, तर नव्या बंदिस्त इमारतीतले यंत्र बिघडले की माणूसही बाहेरून आणावा लागतो आणि सुटा भागही. चुन्याचे काम जाणणारे गवंडी कमी झाले आहेत, याची मला काळजी वाटते. मात्र ते कमी झाले कारण त्यांना काम मिळेनासे झाले, आणि प्रत्येक पाडलेल्या घराबरोबर ते आणखी कमी होतात.

आता ते खरे विधान: ‘जुनी दगड-मातीची घरे भूकंपात माणसे मारतात.’ ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीत आणि २६ डिसेंबर २००३ रोजी इराणमधील बाम शहरात जे घडले, त्यानंतर हा मुद्दा कोणीही हलक्यात घेऊ नये. किल्लारी परिसरातील भिंती रुंद होत्या, पण अनेक ठिकाणी आतला आणि बाहेरचा दगडी थर एकमेकांना बांधलेला नव्हता. मधे लहान दगड आणि माती होती, आणि वर मातीचे अतिशय जड छप्पर. हादऱ्याने थर फाकले आणि छप्पर झोपलेल्या माणसांवर आले. पण कोसळण्याचे कारण इतके स्पष्ट आहे, म्हणूनच त्यावर नेमका इलाज करता येतो. छपरावरची जादा माती उतरवून भार कमी करावा. ठरावीक अंतरावर भिंतीला आरपार भोक पाडून त्यात दोन्ही टोकांना आकडा असलेली सळई घालून काँक्रीट भरावे, म्हणजे दोन्ही थर एकमेकांना बांधले जातात. खिडक्या-दारांच्या वर भिंतीभोवती सलग पट्टा बांधावा आणि कोपरे व तुळया एकमेकांना जखडाव्यात. यासाठी सिमेंट आणि लोखंड लागते आणि ते वापरलेच पाहिजे. माझा विरोध सिमेंटला नाही, जिथे त्याचे काम नाही तिथे ते थापण्याला आहे. भिंतीला ओल असेल तर ती आधी घालवावी, नाहीतर ही सळईच गंजेल.

आणि काही घरे पाडावीच लागतात. पाया खचला असेल, भिंत ओळंब्यातून बाहेर येऊन फुगली असेल, तुळयांची टोके वाळवीने पोखरली असतील, आणि अशा बांधकामाची माहिती असलेल्या अभियंत्याने प्रत्यक्ष पाहून घर वाचणार नाही असे सांगितले असेल, तर तिथे एक दिवसही राहू नये. मात्र अशा वेळीही ते यंत्राने ढासळवू नये. चुन्यात किंवा मातीत बांधलेली वीट हलक्या ठोक्याने सुटी होते आणि स्वच्छ निघते; सिमेंटमधली वीट सहसा सुटण्याआधी फुटते. कौले, चौकटी, धड तुळया, घडीव दगड आणि विटा वरून खाली या क्रमाने हाताने उतरवल्या, तर त्याच जागेच्या नव्या बांधकामात त्यांचा मोठा भाग पुन्हा वापरता येतो. यंत्र हे काम एका दिवसात उरकते आणि मागे मिश्र ढीग ठेवते, त्यामुळे पाडकामाचा करार करतानाच हाताने उतरवण्याची अट, उतरवलेल्या मालाची मोजणी आणि तो ठेवण्याची जागा लिहून घ्यावी.