टीव्हीतला लॅग ‘जन्मजात’ नसतो: फिरणाऱ्या मेसेजला मुद्द्यांनिशी उत्तर

एकच मेसेज माझ्याकडे तीन वेगवेगळ्या ग्रुपमधून आला. ‘कॉम्प्युटर टीव्हीला जोडून गेम खेळणाऱ्यांनी वाचाच’ अशी सुरुवात आणि खाली सल्ले. त्यांचा सारांश असा: टीव्हीत लॅग, म्हणजे बटण दाबल्यापासून चित्र हलेपर्यंतचा उशीर, जन्मजात असतो, सेटिंग बदलून काही होत नाही. गेम मोड म्हणजे फक्त रंग फिके करणारं बटण. म्हणून १ मिलिसेकंद रिस्पॉन्स टाइमचा मॉनिटर घ्या. तोपर्यंत टीव्हीचं मोशन स्मूदिंग पूर्ण वाढवा, गेममध्ये व्ही-सिंक चालू ठेवा, सोन्याचा मुलामा असलेली एचडीएमआय केबल आणा आणि इंटरनेटचा प्लॅन वाढवा.

ताईने हा मेसेज वाचून भाचीसाठी मॉनिटर बघायला सुरुवातही केली होती. हॉलमध्ये चांगला ५५ इंची टीव्ही असताना. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

भाची क्रिकेटचा गेम खेळते. तिची तक्रार एका वाक्याची होती: “मामा, मी वेळेवर मारते, बॅट उशिरा फिरते.” प्रत्येक चेंडूनंतर गेम ‘लेट’ दाखवत होता. घरच्यांना वाटत होतं तिला जमत नाहीये. मी लॅपटॉप टीव्हीला जोडला, दोन्ही पडद्यांवर तेच चित्र ठेवलं, ब्राउझरमध्ये मिलिसेकंद दाखवणारं स्टॉपवॉच लावलं आणि मोबाइलवर दोन्ही पडद्यांचा एकत्र फोटो काढला. लॅपटॉपवर १४.३८२, टीव्हीवर १४.२६५. टीव्ही ११७ मिलिसेकंद मागे. ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दिसताना, एक चित्र किंवा फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, म्हणजे पूर्ण ७ फ्रेम. एका फोटोवर विसंबू नये म्हणून दहा काढले, सगळे याच्या आसपास. मग रिमोट घेऊन त्या एचडीएमआय पोर्टला गेम मोड लावला आणि पुन्हा दहा फोटो काढले. बहुतेकांत एका फ्रेमचा फरक, काहींत दोन्हीकडे तोच आकडा. टीव्ही तोच, केबल तीच, एक रुपयाही खर्च नाही.

१०० मिलिसेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. ते किती मोठे आहेत हे ‘स्ट्रीट फायटर ६’ या मारामारीच्या गेममधल्या एका चालीवरून कळतं. ‘ड्राइव्ह इम्पॅक्ट’ हा फटका सुरू झाल्यापासून लागेपर्यंत २६ फ्रेम घेतो, म्हणजे साधारण ४३३ मिलिसेकंद. तेवढ्यात तुम्हाला तो ओळखून उलट बटण दाबायचं असतं. डोळ्यांनी बघून बोट हलायला माणसाला दोनशे ते अडीचशे मिलिसेकंद लागतात, वर गेम आणि कंट्रोलरचा स्वतःचा वेळ असतो. उरलेल्या वेळातून टीव्हीने ११७ खाल्ले, तर समोर काय आलं हे ठरवायला खेळाडूकडे जवळजवळ काहीच उरत नाही. भाचीला जमत नव्हतं असं नाही, तिला चेंडूच उशिरा दिसत होता.

आता पहिला मुद्दा, ‘लॅग जन्मजात असतो’. टीव्ही मागे का राहतो ते समजून घेतलं की हा मुद्दा टिकत नाही. टीव्ही मुळात मालिका, बातम्या, मॅच दाखवायला बनलेला आहे. आलेलं चित्र तो जसंच्या तसं दाखवत नाही. कमी रिझोल्यूशनचं असेल तर ताणतो, त्यातले दाणे पुसतो, कडा ठळक करतो, दोन फ्रेमच्या मध्ये स्वतः बनवलेली फ्रेम घालतो. या प्रत्येक कामासाठी चित्र थोडा वेळ थांबवून ठेवावं लागतं. मालिका बघताना याचा कुणाला पत्ता लागत नाही, कारण टीव्ही आवाजही तेवढाच उशिरा सोडतो आणि ओठ-आवाज जुळलेले राहतात. गेममध्ये मात्र तुमचं बोट त्या साखळीचा भाग असतं, म्हणून तोच उशीर लगेच जाणवतो. हा उशीर त्या प्रक्रियेचा आहे, पॅनेलचा नाही. आणि ती प्रक्रिया बंद करता येते. गेल्या काही वर्षांतले बरेच टीव्ही गेम मोडमध्ये ६० हर्ट्झवर १० ते २० मिलिसेकंदांत चित्र दाखवतात. १२० हर्ट्झ घेणारे चांगले टीव्ही त्याच्याही खाली जातात.

म्हणूनच दुसरा मुद्दा, ‘गेम मोड फक्त रंग फिके करतो’, मला सगळ्यात जास्त नुकसान करणारा वाटतो. एकमेव खरा उपायच हा मुद्दा बंद करायला लावतो. रंग बदलतात हे खरं, पण ते का बदलतात? दुकानातल्या झगझगाटात उठून दिसावा म्हणून लावलेला भडक मोड बाजूला होतो आणि त्याच्यासोबतची चित्र सजवणारी कामंही थांबतात. सवय भडक रंगांची असेल तर पहिले दोन दिवस चित्र मलूल वाटतं. पण गेम मोडमध्येही ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, रंगाची उष्णता तुम्हाला हवी तशी लावता येते आणि बहुतेक टीव्हींवर ती वेगळी साठवून राहते. पाच मिनिटांचं काम आहे. तेवढ्यासाठी ७ फ्रेम गमावू नका.

गेम मोड लावताना दोन गोष्टी बघा. एक, तो बऱ्याच टीव्हींवर पोर्टनिहाय लागतो. एचडीएमआय १ ला लावला आणि लॅपटॉप २ मध्ये खोचला, तर फरक पडणार नाही. दोन, ‘आपोआप लागेल’ यावर विसंबू नका. एचडीएमआय २.१ च्या मानकात, २०१७ मध्ये, एएलएलएम नावाची सोय आली. तिच्यामुळे कन्सोल टीव्हीला ‘गेम सुरू आहे’ असा इशारा देतो आणि मोड आपोआप बदलतो. कॉम्प्युटरकडून तो इशारा जाईलच याची खात्री नसते, तेव्हा हाताने लावलेलं बरं. त्याशिवाय एलजी आणि सॅमसंगच्या बऱ्याच टीव्हींवर पोर्टचं नाव किंवा चिन्ह बदलून ‘पीसी’ करता येतं. त्याने अक्षरांभोवतीचा रंगीत धूसरपणा जातो, कारण टीव्ही मग रंगाची माहिती न छाटता पूर्ण दाखवतो. डेस्कटॉपवर वाचणाऱ्याला हे फार सुखाचं असतं.

मोशन स्मूदिंग पूर्ण वाढवायचा सल्ला तर थेट उलटा आहे. एलजीत ते ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो, सॅमसंगच्या जुन्या टीव्हींत ऑटो मोशन प्लस. काम एकच: दोन फ्रेमच्या मधली फ्रेम कल्पनेने काढायची. मधली फ्रेम काढायला पुढची फ्रेम हातात असावी लागते. म्हणजे पुढची येईपर्यंत आधीची अडवून ठेवायचीच, दुसरा इलाजच नाही. चित्र लोण्यासारखं सरकतं आणि बॅट आणखी उशिरा फिरते. मेसेज लिहिणाऱ्याने हलणाऱ्या चित्राचा गुळगुळीतपणा आणि बोटाला मिळणारं उत्तर या दोन गोष्टी एक समजल्या आहेत.

तसाच गोंधळ १ मिलिसेकंदाचा. खोक्यावर छापलेला रिस्पॉन्स टाइम म्हणजे पडद्यावरच्या एका ठिपक्याला एका छटेतून दुसरीत जायला लागणारा वेळ. चित्र पडद्यापर्यंत पोचायला किती वेळ लागला, याच्याशी त्याचा संबंध नाही. एसटी स्टँडवर पाऊण तास उशिरा आली आणि दार मात्र क्षणात उघडलं, म्हणून गाडी वेळेवर आली असं आपण म्हणत नाही. ओएलईडी टीव्हीचा ठिपका १ मिलिसेकंदाहूनही लवकर बदलतो, आणि सिनेमाच्या मोडमध्ये तोच टीव्ही बोटाच्या बराच मागे राहतो. रिस्पॉन्स टाइमने धूसर शेपटी कमी होते, लॅग नाही.

व्ही-सिंकबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण इथे मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे. व्ही-सिंकने चित्र मधून फाटल्यासारखं दिसणं थांबतं, आणि मोठ्या पडद्यावर ते फाटणं फार खुपतं. पण किंमत मोजावी लागते. ग्राफिक्स कार्ड टीव्हीपेक्षा वेगाने चित्रं काढत असेल, तर तयार फ्रेम रांगेत उभ्या राहतात. विंडोजवरचे गेम चित्र काढायला वापरतात त्या डायरेक्टएक्समध्ये वेगळं काही सांगितलं नाही तर ही रांग ३ फ्रेमपर्यंत लांबते. म्हणजे आत्ता दिसतंय ते चित्र तुम्ही ३ फ्रेम आधी दाबलेल्या बटणाचं असू शकतं. ६० हर्ट्झवर ते ५० मिलिसेकंद झाले. गेम मोडने मिळवलेलं निम्मं इथे परत जातं. नुसतं व्ही-सिंक चालू ठेवून समाधान मानू नका. ही रांग आखूड करायला एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डच्या कंट्रोल पॅनेलमध्ये २०१९ पासून लो लेटन्सी मोड आहे, एएमडीच्या कार्डांसाठी अँटी-लॅग आहे, आणि गेममध्येच एनव्हिडियाचं त्याच कामाचं रिफ्लेक्स असेल तर आधी तेच लावा. टीव्हीत व्हीआरआर (बदलता रिफ्रेश रेट) असेल तर सगळ्यात उत्तम: टीव्ही स्वतःच ग्राफिक्स कार्डच्या चालीने चालतो. तेव्हा फ्रेमची मर्यादा टीव्हीच्या हर्ट्झपेक्षा थोडी खाली बांधा, १२० ला ११६ वगैरे, म्हणजे रांग लागायची वेळच येत नाही. व्हीआरआर नसेल तर मी स्वतः तलवारबाजी, क्रिकेट, फायटिंग अशा गेममध्ये व्ही-सिंक बंद ठेवतो आणि फाटलेलं चित्र सोसतो. निवांत फिरण्याच्या गेममध्ये चालू ठेवतो.

सोन्याच्या केबलचं लवकर आटपतं. तांब्याच्या तारेत सिग्नल २ मीटर अंतर साधारण १० नॅनोसेकंदांत कापतो. ती तार साधी असो वा मुलाम्याची, मिलिसेकंदाचा एक लाखावा भाग. केबल कमी पडली तर चित्रात ठिणग्या दिसतात किंवा पडदा काळा होतो. उशीर होत नाही.

केबलपेक्षा पोर्ट तपासा. जुन्या लॅपटॉपला एचडीएमआय १.४ चं पोर्ट असेल तर ४के वर तो ३० हर्ट्झच देतो आणि विंडोज काही न सांगता तेच निवडून मोकळं होतं. ३० हर्ट्झला एक फ्रेम ३३ मिलिसेकंदांची. माउस फिरवताना बाण रबराला बांधल्यासारखा वाटतो तो यामुळे. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन आकडा बघा. ३० दिसला तर ४के सोडून १०८०पी वर ६० घ्या, गेमसाठी तेच चांगलं. टीव्ही १२० हर्ट्झचा असूनही ६० च दिसत असेल, तर टीव्हीच्या मेनूत त्या पोर्टची पूर्ण क्षमता उघडावी लागते: सोनीत सिग्नल फॉरमॅट ‘एन्हान्स्ड’, सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीत ‘डीप कलर’. डेस्कटॉप असेल तर केबल मदरबोर्डच्या पोर्टमध्ये नाही, ग्राफिक्स कार्डच्या पोर्टमध्ये आहे ना, हेही एकदा मागे वाकून बघा. ही चूक मी अनेक घरांत पाहिली आहे.

इंटरनेटचा प्लॅन वाढवून एकट्याने खेळायच्या गेममध्ये काहीही होणार नाही, तो गेम नेटवर चालतच नाही. ऑनलाइन गेममधला पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, सर्व्हर किती लांब आहे आणि वाटेत काय आहे यावर ठरतो. मुंबईचा सर्व्हर निवडायचा सोडून सिंगापूरला जोडलं जात असेल, तर ३०० एमबीपीएसही ते अंतर कमी करणार नाही. वायफायऐवजी वायर लावा, ती कामाला येईल.

मेसेजमध्ये एक गोष्ट सुटली आहे आणि ती लोकांना फार फसवते: ब्लूटूथ हेडफोन. त्यांचा आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज मागे राहतो. बॅटला चेंडू लागतो, ‘ठक्’ नंतर ऐकू येतं, आणि मेंदू सगळा दोष चित्राला देतो. लॅग तपासताना हेडफोन काढून ठेवा.

मॉनिटर घेऊच नका असं मी म्हणत नाही. नेमबाजीचे गेम स्पर्धेत खेळायचे असतील, २४० हर्ट्झ हवे असतील, दोन फुटांवर बसायचं असेल, तर मॉनिटरच घ्या. ज्या जुन्या टीव्हीत गेम मोडच नाही, त्याच्या बाबतीतही मेसेज बरोबर आहे. पण निर्णय मोजून घ्या. स्टॉपवॉचचे दहा फोटो आधी घरच्या टीव्हीचे काढा. नवीन घ्यायचीच वेळ आली तर लॅपटॉप आणि एक केबल पिशवीत घालून दुकानात न्या, गेम मोड लावायला सांगा आणि तिथेच फोटो काढा. ताईचा मॉनिटर रद्द झाला. भाचीने परवा फोन करून सांगितलं की आता गेम ‘लेट’ दाखवत नाही, उलट ती लवकर बॅट फिरवते. उशिराची सवय झालेली बोटं आता पुन्हा जुळवतेय.