अर्धा कान, अर्धी किंमत

परवा एका काकूंनी माझ्या कुत्र्याचा कान भर प्रदर्शनात शिवून टाकला. खऱ्या कुत्र्याचा नव्हे, दोऱ्याच्या. तरी मला लागलं. अजून लागलेलंच आहे. बायको म्हणते, लिहून मोकळे व्हा, निदान जेवताना तरी तो विषय काढू नका.

मी क्रोशानं कुत्री विणतो. साताऱ्यातल्या पुरुषानं निवृत्तीनंतर काय करावं याचे पर्याय ठरलेले आहेत. पहाटे अजिंक्यतारा चढायचा, खाली येऊन तो किती मिनिटांत चढला ते सांगायचं, राजवाड्यासमोर उभं राहून राजकारणावर बोलायचं, आणि उरलेल्या वेळात कुणाच्या तरी लग्नाची बैठक बसवायची. क्रोशा या यादीत नाही. मी जन्मभर हिशेब तपासले. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर पडल्या पडल्या आईच्या ट्रंकेत तिची क्रोशाची सुई सापडली. साखळी आणि खांब हे टाके, एवढं लहानपणी तिच्या शेजारी बसून डोळ्यांना माहीत झालेलं होतं, पुढचं मोबाइलवर बघून शिकलो. अमिगुरुमी नावाचा हा जपानी प्रकार आहे. गोलगोल विणत जायचं, टाके वाढवायचे, घटवायचे, आत कापूस भरायचा. आकडे चुकले की पोट वाकडं येतं. हिशेबनिसाला याहून बरा छंद नाही.

विणायला समोर मॉडेल होतं, आमची कुत्री कंदी. बोगद्याजवळ पावसात एका बंद टपरीखाली ही बसली होती. रंग हुबेहूब जास्त भाजलेल्या कंदी पेढ्याचा, म्हणून नाव कंदी. तिच्या एका कानाच्या टोकाला त्रिकोणी खाच आहे. मला वाटलं भांडणात फाटला असेल. डॉक्टरांनी सांगितलं, ही खूण आहे. भटकं कुत्रं पकडून नसबंदी करतात, रेबीजची लस देतात, भूल उतरायच्या आत कानाला खाच पाडतात आणि जिथून आणलं तिथंच परत सोडतात. म्हणजे पुन्हा कुणी तेच कुत्रं धरून टेबलावर आडवं करू नये. याचे केंद्र सरकारचे नियम आहेत, २००१चे, आणि त्यांच्या जागी आलेले २०२३चे. थोडक्यात, कंदी माझ्याकडे आली ती सेवापुस्तकात पहिली नोंद घेऊनच आली.

त्यामुळे माझ्या प्रत्येक कुत्र्याच्या एका कानाला खाच असते. बाकीही सगळं कंदीचंच. तोंडात चप्पल धरलेली कंदी (नेहमी डावी चप्पल, उजवीत तिला रस नाही). शेपटीखाली नाक खुपसून गोल झालेली कंदी, ती किल्लीला अडकवता येते. आणि माझी सर्वांत आवडती, बादलीतली कंदी. दिवाळीत पहिला लक्ष्मी बाँब वाजला की ही बाथरूममध्ये जाऊन रिकाम्या बादलीत डोकं घालून उभी राहते, तर बादलीसकट विणलेली. कुत्र्यांसाठी जुन्या साड्यांच्या छोट्या वाकळाही करतो, धावदोऱ्यानं. त्या मात्र कुत्र्यांसाठी कुणी नेत नाही. गाडीच्या सीटवर टाकायला नेतात.

तर दिवाळीच्या तोंडावर एका मंगल कार्यालयात हस्तकलेचं प्रदर्शन होतं. एका बाजूला उटणं आणि पणत्या, दुसऱ्या बाजूला पापडवाल्या ताई, मध्ये आम्ही. बायको सोबत होती, पण फक्त पैसे घ्यायला. येणारा प्रत्येक माणूस माझ्या डोक्यावरून तिला विचारी, "वहिनी, छान केलंय हो! किती दिवस लागतात?" ती सांगे, "मला शर्टाचं बटणही लावता येत नाही, हे ह्यांनी केलंय." मग ते माझ्याकडे बघत. त्या नजरेत कौतुक असायचं, पण आजारी माणसाचं करतात तसलं.

दुसरा प्रश्न, "पामेरियन नाही का?" तिसरा, "हस्की?" एका मुलानं सगळ्यांचे फोटो काढले आणि माझ्याच तोंडावर मैत्रिणीला म्हणाला, "ऑनलाइन १९९ला मिळतं गं." हेही मी गिळलं. आणि मग काकू आल्या.

काकू माहुलीच्या. हातात कापडी पिशवी, पिशवीला धरून सहा-सात वर्षांचा नातू. नातवानं आल्या आल्या चप्पलवाली कंदी उचलली आणि छातीशी धरली. मला वाटलं, चला, बोहनी झाली. काकूंनी ती त्याच्या हातून काढून घेतली, चष्मा कपाळावर नेला आणि कान चिमटीत धरला.

"ओ दादा, ह्याचा कान उंदरानं खाल्लाय."

"नाही काकू, तो तसाच आहे."

"तसाच म्हंजे?"

"मुद्दाम केलाय."

त्यांनी दुसरं उचललं. "ह्याचा बी खाल्लाय." तिसरं. "ह्याचा बी." मग टेबलावरची सगळी कुत्री ओळीनं तपासून त्या अत्यंत सहानुभूतीनं म्हणाल्या, "दादा, तुमच्याकडं उंदीर लई झाल्यात."

पापडवाल्या ताईंनी आपली टोपली हातभर पलीकडे सरकवली. मी पाहिलं.

मग मी समजावायला गेलो. आवाज शक्य तितका खाली ठेवून म्हटलं, "काकू, रस्त्यावरच्या कुत्र्याचं ऑपरेशन झालं की कानाला अशी खाच पाडतात. ती खूण आहे."

"कसलं ऑपरेशन?"

"नसबंदीचं."

काकूंना कमी ऐकू येत असावं, किंवा उत्तम ऐकू येत असावं. त्यांनी सबंध हॉलला सांगितलं, "नसबंदीची खूण हाय म्हनं!" उटण्याकडची गर्दी वळली. नातू म्हणाला, "आज्जे, नसबंदी म्हंजे काय?" काकूंनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे आता याचं उत्तरही मीच द्यायचं. मी बायकोकडे पाहिलं. ती सुटे मोजत होती.

"पोराच्या खेळण्यावर असलं कुनी काढतं का, दादा?"

"आमच्या कुत्रीचा कान असाच आहे हो."

"मग तिचं नशीब. ह्याचं कशाला वाटोळं केलंत?" आणि त्यांनी दर लावला. "कान अर्धा हाय, मग किंमत बी अर्धी. सव्वादोनशे."

किंमत ४५० होती. आता माझ्यातला हिशेबनीस जागा झाला. मी म्हटलं, "काकू, अख्ख्या कुत्र्याचे साधारण १८०० टाके. खाचेत गेले चार. साडेचारशेच्या प्रमाणात त्या चार टाक्यांचा होतो एक रुपया. हिशेबानं चला."

काकूंनी क्षणभर विचार केला. "मग चारशे एकुनपन्नास?"

"चालेल."

"म्हंजे मगापासनं तुमी रुपाया जास्तच सांगत हुता की."

यावर काय बोलणार? माहुली हे रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव. पेशवाईतल्या त्या न्यायाधीशाची कीर्ती सगळ्यांना माहीत आहे. पण त्यांचा निवाड्याचा हात गावात असा अजून शिल्लक असेल याची मला कल्पना नव्हती. खरं तर खाच ठेवायला टाके कमी नाही, काम जास्त लागतं. दोरा वळवून घ्यावा लागतो, कडा उसवू नयेत म्हणून पुन्हा भरावी लागते. तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग पाडता कशाला?"

माहुली म्हटल्यावर मला एकदम खंड्या आठवला आणि मी शेवटचा डाव टाकला. संगम माहुलीला, कृष्णा आणि वेण्णा मिळतात तिथं, थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत त्यानं महाराजांना वाघापासून वाचवलं, म्हणून त्याला जहागीर दिली आणि पालखीचा मान दिला अशी हकिकत सांगतात. साताऱ्यात कुत्र्याला पालखी होती, काकू! आज त्याच साताऱ्यात लोक तीस-चाळीस हजार मोजून हस्की आणतात, बर्फातलं जनावर आणून एप्रिलमध्ये फरशीवर धापा टाकत ठेवतात, आणि दारातल्या कुत्र्याला शिळी भाकरी टाकायची तर आधी डावीउजवीकडे बघून घेतात, सोसायटीतलं कुणी पाहत नाही ना. माझा आवाज चढला असावा. पणत्यावाले माझ्याकडे बघायला लागले होते.

काकू शांत. "खंड्याचं मला नका सांगू, मी रोज तिथनं जाती. पर महाराजांनी त्याच्या कानाला कात्री लावली न्हवती."

एवढं बोलून त्या टेबलाला वळसा घालून आत आल्या आणि माझ्या खुर्चीवर बसल्या. मी दुरुस्तीसाठी डबा जवळ ठेवतो. तो त्यांनी उघडला, सुई काढली, दोऱ्यांतला लालभडक दोरा निवडला (तपकिरी दोरा वरच होता), आणि कुणी काही म्हणायच्या आत चप्पलवाल्या कंदीचा कान शिवायला घेतला. तोंड चालूच. "डोळं बी दोऱ्याचंच काढल्यात. मन्याचं काय महाग पडत्यात का?" मी म्हटलं, लहान मुलं मणी उपटून गिळतात म्हणून लावत नाही. "आमचा न्हाई गिळत." नातवाच्या तोंडात त्या वेळी पिशवीचा बंद होता.

गर्दी जमली. इतका वेळ माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, आता तीन रांगा. एक बाई व्हिडिओ काढू लागली. आणि सांगायला जिवावर येतं, पण काकूंचा टाका अप्रतिम होता. वाकळा शिवून बसलेला हात. खाचेच्या दोन्ही कडा एकमेकींना मिळाल्या, टाके सारखे, बारीक, गाठ कुठं मारली ते कळेना. त्यांनी दातानं दोरा तोडला, कुत्रं उंच धरलं आणि म्हणाल्या, "आता दिसतंय का न्हाई कुत्र्यावानी?" कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. पापडवाल्या ताईंनी! टोपली पुन्हा अलीकडे आली होती.

नातवानं कुत्रं हातात घेतलं, कान पाहिला आणि भोकाड पसरलं. "मला कापल्यालाच पायजे!"

काकूंनी समजूत घातली. कापलेला म्हणजे खराब, हा चांगला. त्याला ते मान्य नाही. मी चटकन दुसरी कंदी पुढे केली, कापलेल्या कानाची. तो हसला. काकू म्हणाल्या, "कापल्याल्याला मी पैसं देनार न्हाई." मग शिवलेलं घ्या. "पोरगं घेत न्हाई ते मी घिऊन काय करू?" म्हणजे एक त्यांना नको आणि दुसरं त्याला नको, आणि दोन्ही माझ्याकडे. रामशास्त्रीसुद्धा इथं थांबले असते.

काकू उठल्या, पदर झाडला, आणि जाता जाता बायकोला म्हणाल्या, "वहिनी, शिलाईचं वीस रुपय द्या."

बायकोनं दिले. वर "थँक यू काकू" म्हणाली.

आता राग काकूंचा आहेच, तो मी सोडणार नाही. पण त्या निदान सुई हातात घेणाऱ्या होत्या. तो १९९वाला मुलगा मला जास्त टोचतो. विणकाम यंत्रावर होतं, क्रोशा होत नाही. जगात कुठंही क्रोशाची वस्तू दिसली की ती कुणाच्या तरी बोटांनी टाका टाका करत केलेली असते. मला एका कुत्र्याला आठ-नऊ तास लागतात. दोरा, कापूस आणि स्टॉलचं भाडं वजा केलं तर माझा तास पंचवीस-तीस रुपयांच्या आसपास पडतो. मग १९९ला दुकानदार, कुरिअर आणि सवलतीचं कूपन भागवून विणणारीच्या हातात काय पडत असेल, हे त्या मुलानं मोबाइलवर शोधावं. शोधता येतं त्याला. माझं पेन्शनवर भागतं, म्हणून मी हे छंद म्हणून सांगतो. पलीकडच्या पापडवाल्या ताईंचं भागत नाही, आणि त्यांनाही दिवसभर लोक "मॉलमध्ये स्वस्त मिळतो" हेच ऐकवत होते. काकूंनी मात्र दहा मिनिटांच्या कामाचे वीस रुपये रोख घेतले. तासाला एकशेवीस. प्रदर्शनातला सर्वांत चांगला दर त्यांचाच.

संध्याकाळी आवराआवर करताना मी लाल दोरा उसवायला बसलो. गाठ सापडेना. कात्रीनं कापायला गेलो तर आतला मूळ टाकाही जाईल अशी बेतानं ओवलेली. भिंगाखाली धरलं, नाही सापडली. शेवटी वही काढली आणि खर्चाच्या बाजूला लिहिलं: दुरुस्ती, २० रुपये.

"मग उद्या हे कितीला लावायचं?" बायकोनं विचारलं.

"चारशे सत्तर," मी म्हटलं. "शिलाई धरून."