सगळ्यांचं शुल्क उतरलं की गरिबाचं भलं होतं?

मामांचा कोल्हापूरकडे दीड एकर ऊस आहे. काल त्यांनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला, खाली लिहिलं, "वाच जरा." मेसेज सांगतो: जागतिक वाटाघाटींत शेतमालावरचं आयात शुल्क जितकं उतरेल तितका गरीब देशांचा माल श्रीमंतांच्या बाजारात खपेल, गरीब देशांना मिळणाऱ्या खास सवलती म्हणजे भीक, आणि युरोपची साखरेची सवलत जाऊनही मॉरिशसचं काही बिघडलं नाही.

मामा, पहिला मुद्दा साफ उलटा आहे. केळी घ्या. सेंट लुसिया, डॉमिनिका या कॅरिबियन बेटांची केळी युरोपात बिनशुल्क जातात. लॅटिन अमेरिकेच्या केळ्यांवर टनाला 176 युरो शुल्क होतं. 2009 च्या जिनिव्हा करारात ते टप्प्याटप्प्याने 114 वर आणायचं ठरलं. सेंट लुसियाच्या शेतकऱ्याला आधी शून्य, नंतरही शून्य. त्याच्या पदरात काय पडलं? डोंगरउतारावर दोन-चार एकर कसणाऱ्या त्या माणसासमोर इक्वेडोरच्या अवाढव्य मळ्यांचा माल टनामागे 62 युरोंनी स्वस्त झाला, एवढंच. शुल्क सगळ्यांचं उतरतं तेव्हा ज्याला आधीच माफ होतं, त्याचीच आघाडी जाते. हे गणित मेसेज लिहिणाऱ्याने मांडूनच पाहिलेलं नाही.

'भीक' म्हणणाऱ्याने 1975 च्या लोमे कराराचा (युरोप आणि आफ्रिका, कॅरिबियन, पॅसिफिकमधले देश यांच्यातला) साखरेबद्दलचा जोडकरार वाचावा. ठरावीक साखर हमीभावाने, अनिश्चित काळासाठी घेऊ, असं युरोपने त्यात लेखी दिलं होतं. याला भीक म्हणत नाहीत. पुढे ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि थायलंड युरोपच्या साखर अनुदानाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत गेले, 2005 मध्ये जिंकले. युरोपने भाव 36 टक्क्यांनी उतरवायचं ठरवलं आणि 2009 मध्ये तो लेखी शब्दही संपवला. कॅरिबियनमधल्या सेंट किट्सने तर 2005 मध्येच साखर कारखाना कायमचा बंद केला. तीनशेहून अधिक वर्षांचा धंदा होता तो.

मॉरिशसबद्दल थोडं मान्य करावं लागेल. कापड, पर्यटन यांमुळे देश तगला, युरोपच्या पैशातून साखरधंदाही बदलला. हमीभावाचा मोठा वाटा बड्या मळेवाल्यांकडे जायचा, हेही खरं. पण ज्या बेटावर आपली मराठी माणसं उसाच्या मळ्यांत राबायला गेली, तिथे आज तीनच साखर कारखाने उरलेत. याला 'काही बिघडलं नाही' कसं म्हणायचं?

आणि मामा, 2019 मध्ये भारताच्या एफआरपीविरुद्ध, म्हणजे सरकारने ठरवलेल्या उसाच्या किमान दराविरुद्ध, जागतिक व्यापार संघटनेत तक्रार घेऊन कोण गेलं होतं? ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला. डिसेंबर 2021 मध्ये निकाल भारताविरुद्ध लागला. आपण अपील केलं म्हणून तो अडकून आहे. तुमच्या उसाचा दर त्याच टेबलावर आहे.