दोन चादरी, चाळीस किलो

उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या छोट्या यात्रेला, निघालात? मुबारक. आता आधी एक काम करा. "सामान कमीच घ्या बरं का" असं सांगणारा जो कोणी तुमच्या घरी येऊन गेला असेल, त्याचं काही ऐकू नका. तो एकतर कधी गेलेला नसतो, नाहीतर गेला तेव्हा त्याची बॅग बायकोनं भरलेली असते.

हिशेब सरळ आहे. पुरुषाला एहरामसाठी, म्हणजे यात्रेच्या पवित्र पोशाखासाठी, लागतात न शिवलेल्या दोन पांढऱ्या चादरी, एक कमरेला आणि एक खांद्यावरून. पायात साधी स्लिपर. बाईला तेही वेगळं नको, रोजचेच साधे कपडे चालतात. वजन करायला बसलात तर सगळं मिळून दोन किलो भरायचं नाही. आणि आमच्या तिकिटावर माणशी वीस-वीस किलोच्या दोन बॅगा लिहिलेल्या होत्या. मग उरलेले अडतीस किलो काय विमानवाल्याला बक्षीस द्यायचे? पैसे मोजलेत आपण.

म्हणून बॅग महिनाभर आधी काढा आणि बैठकीच्या खोलीत उघडीच ठेवा. भेटायला येणारा प्रत्येक जण तिच्यात डोकावून एक वस्तू सुचवतो. सुचवलेली वस्तू घेतली नाही तर तो नाराज होतो, आणि उमऱ्याला जाताना तर सगळ्यांची माफी मागून निघायचं असतं. त्यापेक्षा वस्तू घेतलेली बरी.

सुरुवात स्वयंपाकघरातून करा. मक्केत जेवायला मिळत नाही, हा समज घट्ट धरून ठेवा. टूरवाला तीन वेळच्या जेवणाचे पैसे घेतो, बरोबर आचारी नेतो, हरमच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या मशिदीच्या, आजूबाजूला भारतीय-पाकिस्तानी खानावळी पावलोपावली आहेत, या सगळ्याकडे साफ दुर्लक्ष करायचं. आम्ही चिपळूणची माणसं. आमच्या फुफूनं, म्हणजे आत्यानं, तांदळाचं पीठ, आमसुलं, लोणचं आणि वर किलोभर सुकट दिली. "तिथं भाताबरोबर काय खाशील रे?" असं म्हणून तिनं ती तीन पिशव्यांत बांधली आणि नेमकी एहरामच्या चादरींवर ठेवली. एहराममध्ये अत्तर चालत नाही, साबणसुद्धा बिनवासाचा शोधून आणावा लागतो. सुकटीच्या वासाबद्दल मात्र कुठल्याच किताबात मला मनाई सापडली नाही.

घरचा मसाला नेणार असाल तर त्यात खसखस भरपूर घाला. सौदी अरेबियात खसखस अमली पदार्थांत मोडते आणि ती आणू नका असं यात्रेकरूंना दरवर्षी बजावून सांगितलं जातं. पण आपल्या मसाल्यात ती भाजून, वाटून गेलेली असते, तेव्हा आपल्याला ती आठवायचं कारणच नाही. आमच्या शेजारच्या काकूंनी प्रेमानं अनारशांचा डबा आणून दिला होता. एकेका अनारशाच्या पाठीवर खसखस अशी पेरलेली, जसा काही पुरावाच मांडून ठेवलाय. अम्मीनं तो डबा घरीच ठेवला. तुम्ही तसा भित्रेपणा करू नका. कस्टमच्या साहेबाला अरबीतून अनारसा समजावून सांगण्याची संधी पुन्हा येत नाही.

आता एहराम. महंमद अली रोडवर तो पट्ट्यासकट तयार मिळतो. टॉवेलच्या कापडाचा घ्या, म्हणजे पहिल्याच तवाफात, काबाभोवतीच्या फेऱ्यांत, अंगावर दीड किलो घाम घेऊन फिरता येईल. एक पुरत नाही, तीन घ्या. आणि तिन्ही सामानात जाणाऱ्या मोठ्या बॅगेत, अगदी तळाशी घाला. मुंबईहून थेट जेद्दाला जाणारं विमान उतरायच्या आधीच मीकातची हद्द ओलांडतं. उमऱ्याची नियत, म्हणजे संकल्प, असलेल्यानं तिच्या आत एहरामशिवाय जायचं नसतं, गेलाच तर परत फिरून यावं लागतं, नाहीतर बकरा कुर्बान करावा लागतो. विमानात तशी घोषणा होते. त्या वेळी तुमचा एहराम तुमच्या पायाखाली, विमानाच्या पोटात, सुकटीच्या खाली असेल. इतका जवळ असून इतका दूर.

आमच्या ग्रुपमधल्या एका चाचांनी हे करून दाखवलं. बोर्डिंगच्या रांगेत त्यांना आठवलं आणि त्यांचा चेहरा चादरीपेक्षा पांढरा झाला. त्यांना वाचवलं ते ज्याच्या तीन-तीन एहरामांवर आम्ही दोन महिने हसत होतो त्यानंच, म्हणजे माझ्या अब्बांनी. एक एहराम त्यांनी हातातल्या पिशवीत ठेवला होता, "असू दे, लागला तर" म्हणून. तेव्हापासून आमच्या घरात कमी सामानाची बाजू घेऊन बोलायची कोणाची हिंमत नाही.

हातातल्या बॅगेत काय घालायचं? कैची. उमऱ्याच्या शेवटी केस उतरवायचे किंवा कापायचे असतात ना, मग ती हाताशी नको? सुरक्षा तपासणीत ती काढून घेतील, पण तोवर तुम्ही ती नेल्याचं समाधान असेल. अर्धा लिटर खोबरेल तेलही हाताशी ठेवा, शंभर मिलिलिटरच्या वरचं काही केबिनमध्ये चालत नाही हे कळायला तेवढी बाटली लागतेच. पॉवर बँक मात्र मोठ्या बॅगेत टाका, कारण ती तिथं ठेवायला बंदी आहे. त्यामुळे काउंटरवर बॅग पुन्हा उघडायला मिळते.

काउंटरवरचा तो प्रसंग चुकवू नका. पहाटेचे चार. अब्बा एहराम नेसून, एक खांदा उघडा टाकून, मुंबई विमानतळाच्या गार फरशीवर उकिडवे बसलेले. काट्यावर तेवीस किलो चारशे ग्रॅम. इतर प्रवाशांचं वजन जास्त भरलं की ते जाकीट, स्वेटर अंगावर चढवतात. एहरामवाल्याला तीही सोय नाही, शिवलेलं काही घालायचंच नाही. शेवटी अम्मीनं तीन ओढण्या गळ्यात गुंडाळल्या, मी आमसुलं खिशात भरली, आणि सुकटीची एक पिशवी कचऱ्याच्या डब्याशेजारी अशी हळुवार ठेवली, जशी काही ती आम्हाला परत भेटणार होती. मागच्या रांगेतल्यांनी नाकाला रुमाल लावले. अब्बा बॅगेची चेन ओढता ओढता म्हणाले, "माझे वडील हजला जहाजानं गेले होते, एक पत्र्याची पेटी घेऊन." ते खरं. मुंबईहून जेद्दाला हाजींची जहाजं १९९५पर्यंत जात होती, आणि यलमलम या मीकातची सीध आली की डेकवर सगळे एहराम बांधत. पण दादीच्या सांगण्यानुसार त्या पेटीबरोबर तांदळाचं पोतं, स्टोव्ह आणि लोणच्याची बरणीही होती. अब्बांना पेटी तेवढी आठवते.

बॅग ओळखू यावी म्हणून टूरवाले सगळ्यांना एकाच रंगाची बॅग देतात. तुम्ही हँडलला लाल फीत बांधा. आमच्या ग्रुपमध्ये पंचेचाळीस माणसं होती आणि जेद्दाच्या पट्ट्यावर पंचेचाळीस लाल फिती फिरत आल्या.

दुआची यादी विसरू नका. "माझ्यासाठी दुआ करा" असं म्हणणाऱ्यांची नावं वहीत लिहून घ्या. मुलाची नोकरी, गुडघेदुखी, जमिनीची केस. आमची वही चौदा पानांची झाली. ती जपून मोठ्या बॅगेत ठेवा, म्हणजे काबा समोर आल्यावर ती हॉटेलात असेल आणि चष्माही तिच्याशेजारी. अम्मी तिथं उभी राहून नुसतीच रडली. नंतर म्हणाली, "सगळ्यांसाठी मागितलं." जमिनीच्या केसवाल्यांना हे पुरेसं वाटलेलं नाही.

परतीचं सामान हा वेगळा विषय. मक्केतल्या झमझम विहिरीच्या पवित्र पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून कपड्यांत लपवा, बॅगेतून ते न्यायला मनाई आहे आणि मशीनला बाटल्या दिसतातच. मग कंपनीच्या नियमानं मिळतो तो पाच लिटरचा सीलबंद डबा घ्या आणि पाचशे घरांत वाटा. चमच्यानं. मदिनेची अजवा खजूर महाग पडते, ती फक्त जावयाला. तस्बीह, म्हणजे जपमाळा, आणि टोप्या कमी पडल्या तर घाबरू नका, महंमद अली रोडवर त्याच मिळतात, तिथंही चीनच्याच.

आणि हो, बॅग माळ्यावर टाकताना हँडलला अडकवलेला विमान कंपनीचा टॅग काढू नका. आमचा दोन वर्षं झाली तसाच आहे. फुफू आली की ती आधी तो टॅग पाहते, मग विचारते, "सुकट पुरली का रे?"