मुलांच्या डोळ्यातील रक्तवाहिनी मोबाइलमुळे बंद होत नाही

पालकांच्या व्हॉट्सॲप गटांतून एक संदेश फिरतो आहे: मुलाला अचानक एका डोळ्याने दिसेनासे झाले, तर मोबाइलच्या ताणाने डोळ्यातली नस बंद झालेली असते, दुखत नसेल तर काळजी नको, दोन दिवस अंधाऱ्या खोलीत विश्रांती द्यावी, रक्ताच्या आणि हृदयाच्या तपासण्या केवळ बिल वाढवण्यासाठी सांगतात. यातला शेवटचा सल्ला जिवावर बेतू शकतो.

मोबाइलने डोळे थकतात, कोरडे पडतात, सतत जवळचे पाहून चष्म्याचा नंबरही वाढू शकतो. पण दृष्टिपटलाला, म्हणजे डोळ्याच्या मागच्या, प्रकाश टिपणाऱ्या पडद्याला रक्त पुरवणारी धमनी त्याने तुंबत नाही.

दुखत नाही म्हणून निर्धास्त राहणे तर फारच घातक, कारण ही धमनी बंद पडते तेव्हा बहुधा दुखतच नाही. लहान मूल तक्रारही करत नाही, दुसऱ्या डोळ्यावर त्याचे भागते. चांगला डोळा झाकताच ते आईचा हात झिडकारते, तेव्हा कुठे शंका येते.

दोन दिवस थांबण्याविषयी बोलायचे, तर नेत्रतज्ज्ञ सोहनसिंग हयरे यांच्या माकडांवरील प्रयोगांत दृष्टिपटलाची मुख्य धमनी ९७ मिनिटे बंद राहूनही दृष्टिपटल शाबूत राहिले, मात्र सुमारे २४० मिनिटांनंतर कायमची, मोठी हानी झाली. गेलेली दृष्टी हमखास परत आणणारा उपचार आजही नाही, हे मान्यच करायला हवे. तरीही त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे, कारण धमनी अनेकदा रक्ताच्या गुठळीने बंद होते आणि तशीच दुसरी गुठळी मेंदूत जाऊ शकते.

आता तपासण्या. उतारवयात रक्तवाहिन्यांत साचलेली चरबी, मधुमेह, रक्तदाब ही कारणे समोरच असतात. मुलांत ती क्वचितच सापडतात, म्हणून मूळ आजार शरीरात इतरत्र शोधावा लागतो. गुठळी हृदयाच्या झडपेवरून सुटली असेल, तर झडपेतला दोष टूडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत दिसू शकतो, रक्ताचा कर्करोग साध्या रक्ततपासणीत लक्षात येऊ शकतो, आणि दोन्ही हातांच्या रक्तदाबात मोठा फरक आढळला तर महाधमनीच्या दाहाचा संशय येतो. ल्यूपससारख्या, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या आजारातल्या, रक्त गोठवणाऱ्या प्रतिपिंडांसाठी वेगळी चाचणी असते. विदर्भातल्या किंवा नंदुरबार, पालघरकडच्या मुलाची सिकलसेल (तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्या अडवणारा आनुवंशिक आजार) तपासणी तर कुणी वायफळ म्हणूच नये. होमोसिस्टिन्युरिया हा आनुवंशिक आजारही असाच: डोळ्यातले भिंग सरकलेले, अंगकाठी उंच आणि सडपातळ, रक्त गोठण्याकडे कल. अशा काही मुलांना ब जीवनसत्त्वाच्या सहाव्या प्रकाराचा चांगला गुण येतो, आणि निदान झाले की भावंडांचीही तपासणी करता येते, त्यांच्या डोळ्यापर्यंत गुठळी पोहोचण्याआधी.